अल्कोहॉलांचे वायुस्थितीतील विघटन

बाष्परूपातील अल्कोहॉलाच्या रेणूला उष्णता, लेसर किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन यांच्याकडून पुरेशी ऊर्जा मिळाली की त्याचे लहान रेणू, मूलके किंवा आयन यांत तुकडे होतात.

नुसत्या वाफेला विघटन म्हणत नाहीत. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात उसाच्या मळीपासून इथेनॉल बनते. डिस्टिलरीच्या स्तंभात त्याची वाफ ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास चढते, पण रेणू अभंग राहतो. द्रवातून सुटायला मोलमागे सुमारे ४० किलोज्यूल पुरतात. तुटायला त्याच्या सातपट लागतात. पुढे झिओलाइटच्या रेणुचाळण्या वाफेतले पाणी धरून ठेवतात, तेव्हाही इथेनॉलचा बंध तुटत नाही. कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून हवेपासून ऑक्सिजन मिळवला, तोही अशाच शोषणाच्या तत्त्वावर.

इथेनॉल तापवून तोडताना दोन वाटांत चढाओढ असते. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनकडे सरकला की पाणी सुटते व एथिलीन उरते; यासाठी सुमारे २८० किलोज्यूल लागतात, पण अणूंची अवघड मांडणी जुळून यावी लागते. कार्बन-कार्बन बंध सरळ तुटायला सुमारे ३६५ किलोज्यूल लागतात, मात्र तिथे मांडणीची अट नाही. म्हणून तापमान व दाब वाढला की दुसरी वाट वरचढ ठरते. तृतीयक ब्युटिल अल्कोहॉल पाणी सहज गमावते. मेथॅनॉलमध्ये दुसरा कार्बनच नसल्याने एथिलीनची वाट बंद असते. ॲल्युमिनाच्या पृष्ठावर इथेनॉल साधारण ३५० अंशांनाच पाणी सोडते.

कार्बन डायऑक्साइड लेसरचे किरण कार्बन-ऑक्सिजन बंधाची कंपने वाढवतात. एका फोटॉनातून मोलमागे जेमतेम १२ किलोज्यूल मिळतात, म्हणजे रेणूला वीस-पंचवीस फोटॉन पचवावे लागतात. तुटण्याआधी ती ऊर्जा साऱ्या रेणूत पसरते, त्यामुळे ज्या बंधाने किरण शोषले तोच तुटेल असे नाही. लेसरने रसायनशास्त्रज्ञाला हवा तो बंध निवडून तोडता येईल, ही आशा इथेच अडते.

वस्तुमान वर्णपटमापकात चित्र बदलते. ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन आदळून इथेनॉलचा धन आयन बनतो. अखंड आयनाची ४६ या वस्तुमानावरची रेषा फिकी असते, ४५ वर एक हायड्रोजन गेलेला आयन दिसतो आणि सर्वांत उंच रेषा ३१ वर येते. मेथिल गट गळून उरलेला हा तुकडा ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांनी सावरून धरलेला असतो. प्राथमिक अल्कोहॉल ओळखायला विश्लेषक आधी हीच रेषा शोधतो.

इंजिनात तर बहुतेक रेणू आपणहून तुटण्याआधीच मूलके त्यांच्यावर तुटून पडतात. हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन ती ओढून घेतात, उरलेल्या मूलकाची ऑक्सिजनशी क्रिया होऊन ॲसिटाल्डिहाइड बनते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या धुरात ते साध्या पेट्रोलपेक्षा जास्त आढळते, ते यामुळेच.