डिरेक्टरीची झडती आणि फाईलीची ओळख : ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

बीजशब्द : फाईल सिस्टिम, डिरेक्टरी, आयनोड, मॅजिक नंबर, युनिक्स, डॉस, मॅकिंटॉश

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रे आणि त्यांचे निर्माते यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते तितके यंत्राच्या आत चालणाऱ्या नोंदवह्यांकडे दिले जात नाही. वस्तुतः संगणकाचा बराचसा वेळ या नोंदवह्या चाळण्यात जातो. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम असो, बॅकअप घेणारा असो किंवा हरवलेले पत्र हुडकणारा असो, प्रत्येकाला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. या डिरेक्टरीत आणि तिच्या पोटातील डिरेक्टऱ्यांत काय काय आहे, हा पहिला प्रश्न. आणि जे आहे ते कोणत्या प्रकारचे आहे, हा दुसरा. या उत्तरांचा वेग आणि त्यांची विश्वसनीयता यंत्राच्या शक्तीवर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. फाईलीविषयीची माहिती नेमकी कोठे ठेवावी याविषयी १९६५ ते १९८५ या काळात जे निर्णय घेतले गेले, त्यांनीच पुढील चार दशकांतील वेग आणि विश्वसनीयता यांच्या मर्यादा मोठ्या प्रमाणात आखून दिल्या.

नाव आणि वस्तू यांची फारकत

डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी ही आज स्वाभाविक वाटणारी रचना मल्टिक्स या प्रकल्पातून पुढे आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या या संयुक्त प्रकल्पातील डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली एका शोधनिबंधात वृक्षासारखी शाखा फुटत जाणारी फाईल सिस्टिम मांडली. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने मल्टिक्समधून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली.

युनिक्सने मल्टिक्सचा वृक्ष घेतला, परंतु त्यात एक मूलगामी बदल केला. डिरेक्टरीत फाईलीचे नाव आणि एक क्रमांक एवढेच ठेवले. फाईल कोणाची, किती मोठी, केव्हा बदललेली, साधी फाईल की डिरेक्टरी, ही सर्व माहिती त्या क्रमांकाच्या स्वतंत्र नोंदीत म्हणजे आयनोडमध्ये गेली. आरंभीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे : २ बाइट क्रमांकासाठी, १४ बाइट नावासाठी. ५१२ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये अशा ३२ नोंदी मावत. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर तालिकेत ग्रंथाचे नाव आणि दाखल क्रमांक तेवढा लिहावा, आणि बाकी सारे दाखल नोंदवहीत पाहावे, अशी ही व्यवस्था होती. तिचा लाभ मोठा होता. एकाच फाईलीला दोन ठिकाणी दोन नावे देता येत आणि तरीही तिचा तपशील एकाच जागी, एकच राही. माहितीची दुबार नोंद नाही, म्हणून विसंगतीही नाही. रचनेच्या दृष्टीने इतका स्वच्छ निर्णय संगणकाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

त्याची किंमत झडतीच्या वेळी मोजावी लागे. डिरेक्टरी वाचून नावे तर भराभर मिळत. पण त्यांतील डिरेक्टऱ्या कोणत्या हे कळण्यासाठी प्रत्येक नावामागे ‘स्टॅट’ हा सिस्टिम कॉल करून आयनोड वाचावा लागे. दहा हजार नावे म्हणजे दहा हजार चौकश्या. त्यात जुन्या युनिक्समध्ये सर्व आयनोड डिस्कच्या आरंभी एकत्र असत आणि मजकूर त्यांच्यापासून दूर. डिस्कचे वाचनशीर्ष सतत इकडून तिकडे धावत राही. बर्कले येथील मॅक्यूसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी ४.२ बीएसडी (१९८३) साठी रचलेल्या जलद फाईल सिस्टिममध्ये एका डिरेक्टरीतील फाईलींचे आयनोड शक्यतो डिस्कच्या एकाच विभागात ठेवण्याची योजना केली, तिचे कारण हेच. याच आवृत्तीत नावाची मर्यादा २५५ बाइटांपर्यंत गेली, आणि डिरेक्टरी साध्या फाईलीप्रमाणे थेट वाचण्याऐवजी ‘रीडडिर’सारख्या ठरावीक फंक्शनमार्फत वाचण्याची पद्धत रूढ झाली.

चौकश्या वाचविण्यासाठी योजलेली एक युक्ती येथे नोंदविण्यासारखी आहे. युनिक्समध्ये प्रत्येक डिरेक्टरीला किमान दोन दुवे असतात : एक तिच्या वरच्या डिरेक्टरीतील नाव आणि दुसरा तिच्यातच असणारी ‘टिंब’ ही नोंद. तिच्या पोटातील प्रत्येक डिरेक्टरीत वरच्या डिरेक्टरीकडे नेणारी ‘दोन टिंबे’ ही नोंद असल्याने दुव्यांची संख्या पोटडिरेक्टरीगणिक एकाने वाढते. म्हणजे दुव्यांच्या संख्येतून दोन वजा केले की पोटडिरेक्टऱ्यांची संख्या हाती येते. ‘फाइंड’ या प्रोग्रॅमने या वजाबाकीचा उपयोग करून घेतला. तितक्या डिरेक्टऱ्या सापडल्या की उरलेली सारी नावे डिरेक्टऱ्यांची नाहीत हे उघड; त्यांची चौकशी नको. युक्ती मोठी चतुर होती, पण ती एका संकेतावर उभी होती. सीडी-रॉम किंवा डॉसच्या डिस्का युनिक्सला जोडल्या जाऊ लागल्या, आणि तेथे हा संकेत पाळला जात नसल्याने फाइंडच्या हातून अख्ख्या शाखा निसटण्याचा धोका निर्माण झाला. ग्नू फाइंडमध्ये ही युक्ती बंद करण्याचा पर्याय द्यावा लागला तो यामुळे.

दुसरी परंपरा

लहान संगणकांची परंपरा वेगळ्या मार्गाने आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या जुन्या सिस्टिममध्ये सहा अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे शेपूट अशी रीत होती. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमने तिचे आठ आणि तीन केले, आणि १९८१ साली एमएस-डॉसने ते तसेच उचलले. डॉसच्या फॅट पद्धतीत डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद ३२ बाइटांची असे आणि तिच्यातच नाव, प्रकारदर्शक शेपूट, गुणधर्मांचा एक बाइट, दिनांक, वेळ आणि आकार हे सर्व असे. आयनोड नाहीच. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत पोटडिरेक्टऱ्या आल्या. नोंद साधी फाईल आहे की डिरेक्टरी हे गुणधर्माच्या त्या एका बाइटातील एक बिट सांगू लागले. युनिक्सच्या अभ्यासकांनी ही रचना बाळबोध ठरविली, आणि एका फाईलीला दोन नावे देता येत नाहीत या अर्थाने ती बाळबोध होतीही. झडतीच्या कामी मात्र ती सरस ठरली, कारण नावासोबत सारा तपशील एका वाचनात हाती येई.

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसने दोन्ही परंपरा जोडल्या. फाईलीचा तपशील स्वतंत्र नोंदीत ठेवलाच, शिवाय त्यातील आकार, वेळ व गुणधर्म यांची प्रत डिरेक्टरीतही ठेवली. दुबार नोंदीचा जो दोष युनिक्सने टाळला होता तो येथे परत आला; डिरेक्टरीतून मिळणारी माहिती क्वचित प्रसंगी शिळी असू शकते, असे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतच नमूद आहे.

युनिक्सच्या घराण्यालाही अखेर एक पाऊल मागे यावे लागले. ४.४ बीएसडीने (१९९३) डिरेक्टरीतील नोंदीत प्रकार सांगणारा एक बाइट ठेवला. लिनक्सच्या एक्स्ट-२ फाईल सिस्टिमने याच कामी केलेली काटकसर पाहण्यासारखी आहे. तेथे नावाची लांबी लिहिण्यासाठी दोन बाइट राखलेले होते; परंतु नाव २५५ बाइटांहून मोठे होऊ शकत नसल्याने त्यांतील एक बाइट कायम शून्यच राही. तो रिकामा बाइट फाईलीच्या प्रकाराला देण्यात आला. डिस्कवरील नोंदीचा आकार तसूभरही न वाढता लक्षावधी चौकश्या वाचल्या. तथापि काही फाईल सिस्टिम हा बाइट भरत नाहीत, ‘अज्ञात’ एवढेच उत्तर देतात. तेव्हा जुन्या पद्धतीने आयनोड वाचण्याची तयारी प्रोग्रॅमने ठेवावीच लागते.

ही सोय खाली उपलब्ध असूनही वरच्या थरातील भाषांपर्यंत ती पोहोचण्यास फार विलंब लागला. पायथन भाषेतील डिरेक्टरी वाचणारे फंक्शन केवळ नावे परत देई. विंडोजने नावासोबत दिलेला आकार, वेळ, प्रकार हे सारे ते टाकून देई, आणि मग तीच माहिती एकेका फाईलीसाठी पुन्हा मागितली जाई. बेन हॉइट यांच्या २०१४ च्या प्रस्तावानुसार ‘स्कॅनडिर’ हे नवे फंक्शन २०१५ साली पायथन ३.५ मध्ये आले. डिरेक्टऱ्यांचा संपूर्ण वृक्ष फिरून येण्याचे काम विंडोजवर आठ ते नऊ पट आणि युनिक्सवर्गीय सिस्टिमवर दोन ते तीन पट वेगाने होते, असे त्या प्रस्तावात नोंदविले आहे. दोहोंतील हा फरक म्हणजे वर वर्णिलेल्या दोन परंपरांचाच ठसा होय. विंडोजवर जास्त लाभ झाला, कारण तेथे जास्त माहिती वाया जात होती. ॲपलने २०१४ साली अनेक फाईलींचे गुणधर्म एकदम देणारा सिस्टिम कॉल आणला. पॉसिक्स या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत डिरेक्टरीच्या नोंदीसोबत प्रकार देणारे फंक्शन समाविष्ट झाले. बीएसडीत ही सोय येऊन तोवर तीन दशके उलटली होती.

मजकुराचा प्रकार

येथवर ‘प्रकार’ हा शब्द साधी फाईल की डिरेक्टरी एवढ्याच अर्थाने आला. फाईलीत चित्र आहे, प्रोग्रॅम आहे की पत्र आहे, हा प्रश्न याहून अवघड आहे. डॉसने त्याचे उत्तर नावाच्या शेपटावर सोपविले. हे उत्तर सर्वांत स्वस्त, कारण डिरेक्टरी वाचताच ते मिळते. आणि सर्वांत कच्चे, कारण नाव कोणीही बदलू शकतो. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी प्रोग्रॅमच्या नावात आधी साध्या मजकुराचे ‘टीएक्सटी’ आणि नंतर ‘व्हीबीएस’ हे खरे शेपूट होते. विंडोज परिचित शेपटे आपण होऊन लपवीत असल्याने अनेकांना ते प्रेमपत्रच वाटले. नावावर विसंबण्याचा निर्णय एक, आणि ते नाव अर्धे झाकण्याचा निर्णय दुसरा. दोहोंच्या संयोगातून हा अनर्थ घडला.

१९८४ च्या मॅकिंटॉशने प्रकार नावात न ठेवता फाईल सिस्टिमच्या नोंदीत ठेवला : चार अक्षरे प्रकाराची, चार अक्षरे निर्मात्या प्रोग्रॅमची. नाव काहीही असो, फाईल योग्य प्रोग्रॅममध्ये उघडे. परंतु अशी फाईल दुसऱ्या जातीच्या यंत्रावरून गेली की ती अक्षरे गळून पडत. ती टिकविण्यासाठी मॅकबायनरी आणि बिनहेक्स यांसारखी गाठोडी बांधावी लागत. इंटरनेटच्या प्रसारानंतर हा एकाकीपणा परवडण्यासारखा नव्हता. २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये नावाच्या शेपटाला मान मिळाला, आणि २००९ च्या आवृत्तीपासून फाईल उघडताना निर्मात्याची अक्षरे विचारात घेणे थांबले. उत्तम रचना शेजाऱ्यांच्या अज्ञानामुळे हरते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

युनिक्सने तिसरा मार्ग धरला : फाईल उघडून पाहावी. पीडीपी-११ वरील प्रोग्रॅमच्या फाईलीचा पहिला शब्द अष्टमान पद्धतीतील ०४०७ हा असे. वास्तविक ती त्या यंत्राची, पुढील शीर्षभाग ओलांडून उडी मारण्याची आज्ञा होती. पण तीच ओळखीची खूण बनली आणि ‘मॅजिक नंबर’ हे नाव रूढ झाले. अशा खुणा तपासणारी ‘फाइल’ ही आज्ञा १९७३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आढळते. सिस्टिम-व्हीमध्ये खुणांची यादी प्रोग्रॅमबाहेर काढून स्वतंत्र ठेवण्यात आली. आज बहुतेक मुक्त सिस्टिमवर असणारी या आज्ञेची आवृत्ती इयन डार्विन यांनी १९८० च्या दशकात नव्याने लिहिली.

या पद्धतीलाही दोन अडचणी आहेत. पहिली वेगाची : प्रत्येक फाईल उघडावी लागते, म्हणजे डिरेक्टरीत वाचविलेले सर्व काही येथे खर्ची पडते. म्हणूनच व्यवहारात आधी नाव, मग गरज पडल्यास आरंभीचे थोडे बाइट, असा क्रम स्वीकारला जातो. दुसरी अडचण खुणांच्या टकरीची. जावाच्या संकलित फाईली आणि ॲपलच्या बहुयंत्रीय प्रोग्रॅम फाईली यांची पहिली चार बाइटे एकच आहेत. पुढील अंक पाहूनच भेद करावा लागतो. झिप पद्धतीच्या गाठोड्यांचा आरंभ फिल कॅट्झ यांच्या आद्याक्षरांनी होतो, आणि २००७ पासूनच्या वर्ड व एक्सेलच्या फाईली आतून झिपच असल्याने त्या दाराशी सारख्याच दिसतात. ओपन डॉक्युमेंट पद्धतीच्या कर्त्यांनी हे ओळखून प्रकाराचे नाव सांगणारी छोटी नोंद गाठोड्यात सर्वांत आधी आणि न आवळता ठेवण्याची तरतूद केली, त्यामुळे ते नाव ठरलेल्या जागी उघडउघड वाचता येते.

मराठी फाईलींसंबंधाने दोन बाबींचा निर्देश आवश्यक आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना व हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट; जुन्या युनिक्सच्या १४ बाइटांत तो अर्धाही मावला नसता, आणि आजच्या २५५ बाइटांत ८५ चिन्हे मावतात. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारित साधने दिली, तरी छपाईच्या व्यवहारात युनिकोड येईपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट चालत राहिले आणि प्रत्येकाची अक्षरक्रमणा निराळी होती. अशा फाँटमध्ये टंकलेला मजकूर साध्या फाईलीत साठविला की ‘फाइल’ आज्ञेला तो विस्तारित रोमन अक्षरांचा अर्थहीन मजकूर दिसतो. तेथे मॅजिक नंबर नाही, शेपूट ‘टीएक्सटी’ एवढेच, आणि डिरेक्टरीला भाषा ठाऊक नसते. गुगलने २०२४ च्या फेब्रुवारीत खुला केलेला ‘मॅजिका’ हा प्रोग्रॅम ठरावीक खुणांऐवजी बाइटांच्या एकूण घडणीवरून शंभराहून अधिक प्रकारांचा अंदाज बांधतो; परंतु असा अंदाज त्याला शिकविलेल्या प्रकारांपुरताच चालतो. जुन्या दिवाळी अंकांच्या, प्रबंधांच्या आणि ग्रामपंचायतींच्या दप्तरांच्या ज्या फाईली अशा फाँटांत राहिल्या आहेत, त्यांचा फाँट कोणता ही माहिती वर्ड किंवा पेजमेकरच्या फाईलीत तरी असते. साध्या मजकुराच्या फाईलीबाबत ती टंकलेखकाच्या स्मरणात, आणि पुष्कळदा तेथेच, राहिलेली आहे.