भासदर्शक रचना (मराठी व जपानी)

एखादी गोष्ट 'आहे' असे ठामपणे न सांगता ती तशी दिसते, वाटते, असावी किंवा तशी ऐकिवात आहे, असे सांगणाऱ्या वाक्यरचना. बोलणाऱ्याला ती गोष्ट कशावरून कळली, डोळ्यांनी, तर्काने की दुसऱ्याच्या तोंडून, हे या रचनांतून उघड होते. जपानीच्या व्याकरणात त्यांचा स्वतंत्र पाठ असतो. मराठीत हेच साहित्य क्रियापदाचे अर्थ, अव्यये आणि अलंकार अशा वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले आहे. त्यामुळे ते एका व्यवस्थेचे भाग आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही.

उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदी पश्चिमेला अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेला नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. उगमाकडे धो धो पाऊस असतो, तर नेवाशाकडचा भाग पर्जन्यछायेतला. काठावरच्या माणसाला वरचा पाऊस दिसत नाही, दिसते ते फक्त गढूळ, चढलेले पाणी. तो म्हणतो, 'वर पाऊस झालेला दिसतो.' पाणी न पाहता, चार दिवसांच्या ढगांवरून बोलला तर 'वर पाऊस झाला असावा.' एसटीतून उतरलेल्या प्रवाशाकडून कळले असेल तर 'वर पाऊस झाला म्हणे.' घटना एकच आहे, पण तीन वाक्यांना तीन वेगळे आधार आहेत.

'दिसणे' पुढ्यातल्या खुणेवर चालते आणि त्यात अनुभवणारा सहसा अध्याहृत राहतो: 'मुलगी दमलेली दिसते.' 'वाटणे' मनाचा कौल सांगते आणि बहुधा 'मला', 'त्याला' अशी चतुर्थी घेते. जीभ आणि त्वचा यांच्यासाठी मराठीने 'लागणे' वेगळे राखले आहे. ऊस खाल्ल्यावर तो 'गोड लागतो', खाण्यापूर्वी मात्र 'गोड असेलसा वाटतो'. जपानीत हा भेद विशेषणाच्या शेवटी होतो. चाखल्यावर 'ओइशिइ' (चविष्ट), ताट नुसते पाहून 'ओइशिसोओ' (चविष्ट दिसते).

'असावा' हे रूप विध्यर्थाचे. विध्यर्थातून कर्तव्य, इच्छा आणि योग्यता जशी व्यक्त होते, तसा तर्कही होतो. म्हणून घोडेगावच्या कांदा बाजारात 'कांदा कोरडा असावा' या वाक्याचे दोन अर्थ निघतात: माल कोरडा हवा ही अट किंवा तो कोरडा आहे हा अंदाज. 'कांदा वाळला असावा' म्हटले की अंदाजच उरतो, कारण भूतकाळवाचक रूपाबरोबर कर्तव्याचा अर्थ सहसा येत नाही. 'असेल' त्याहून सैल आहे. 'या वेळी तो मळ्यात असेल' हे रोजच्या सवयीवरून म्हणता येते, त्याला समोरची खूण लागत नाही.

'म्हणे' हे 'म्हणणे'पासून आलेले, आता लिंग-वचनाने न बदलणारे अव्यय. सांगणाऱ्याचे नाव न घेता ते जबाबदारी त्याच्यावर सोपवते. स्वतः जाणूनबुजून केलेल्या कृतीला ते लागत नाही. 'मी काल नेवाशाला गेलो म्हणे' हे विचित्र वाटते, पण 'मी झोपेत बडबडलो म्हणे' अगदी सहज आहे, कारण ती गोष्ट बोलणाऱ्याला दुसऱ्याकडूनच कळलेली असते. सूर बदलला की त्यात अविश्वासही उमटतो: 'मोठा शहाणा म्हणे!'

जपानीत 'म्हणे'चे काम 'सोओ दा' करते, पण अगदी तसाच शब्द दिसण्यासाठीही आहे. 'आमे गा फुरु सोओ दा' म्हणजे पाऊस येणार म्हणे; 'आमे गा फुरिसोओ दा' म्हणजे पाऊस येईलसं दिसतंय. 'रु' आणि 'रि' एवढाच फरक, पण आधार पूर्ण बदलतो. नवशिका इथेच अडखळतो. पुराव्यावरून काढलेल्या निष्कर्षासाठी 'योओ दा' आणि बोलीतले 'मिताइ दा' येते: 'फुत्ता योओ दा', पाऊस पडलेला दिसतो. 'राशिइ' तर्क आणि ऐकीव माहिती यांच्या सीमेवर आहे. नामाला जोडल्यावर मात्र ते त्या वस्तूचा अस्सल गुणही सांगू शकते: 'हारु राशिइ', वसंताला शोभेसा. आणखी एक सापळा असा, की 'कावाइइ' म्हणजे गोंडस, पण 'कावाइसोओ' म्हणजे गोंडस दिसणारे नव्हे, तर बिचारे.

'जणू', 'जसे काही' हे शब्द वेगळ्या जातीचे. त्यांत अंदाज नसतो. गोष्ट तशी नाही हे माहीत असूनच साम्य सांगितलेले असते, आणि शालेय व्याकरणात ते उत्प्रेक्षेखाली येतात. नेवाशात शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तर साम्याची अखंड माळ आहे. 'जैसें–तैसें' जोडीने एक दृष्टान्त बसतो आणि 'नातरी' म्हणत दुसरा त्याच्या शेजारी येतो. प्रत्यक्ष न दिसणारे तत्त्व दिसत्या वस्तूच्या आधाराने पटवण्याची ही रीत आहे. तिला पुराव्याच्या तर्काशी एकत्र करणे चूक ठरेल.

दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलताना दोन्ही भाषा वेगळ्या वाटेने जातात. जपानीत 'कानाशिइ' (दुःखी) हे विशेषण साधारणतः स्वतःसाठीच वापरतात. तिसऱ्या माणसाबद्दल 'कानाशिसोओ' (दुःखी दिसतो) किंवा दुःखाची बाह्य लक्षणे सांगणारे 'कानाशिगात्ते इरु' म्हणावे लागते. मराठीत 'त्याला वाईट वाटतंय' हे थेट विधान चालते. 'त्याला रडावंसं वाटतंय' हेही चालते, जरी डोळ्यांत पाणी असल्याशिवाय ते बाहेरून कळण्याचा मार्ग नसला तरी.