हालचाल टिपणारीं यंत्रें

हडपसर येथील आमच्या जिन्यांत पाऊल पडतांच दिवा लागतो. देहांतून निघणारे अदृश्य उष्णकिरण एका स्फटिकावर पडतात. ते बदलले कीं त्यांत सूक्ष्म विद्युत् उत्पन्न होते. निश्चल बसलेला मनुष्य मात्र त्या यंत्राच्या लेखीं नसतोच!

धरणीचें चलन टिपणाऱ्या यंत्राचें तत्त्व निराळें. जमीन हलली कीं त्यांतील वजन जडत्वामुळें मागें राहतें आणि तो फरक त्या काळीं छायाचित्रणाच्या कागदावर उमटत असे. असें यंत्र कोयना धरणांत बसविलेलें होतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालें. धरणाच्या आंखणींत भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. यंत्रानें क्षणिक प्रवेग ०.६३ पट नोंदविला. हे अंक एकाच जातीचे नव्हत. तरी गणित अपुरें होतें, हें धरणाच्या तड्यांनींच सांगितलें. पुढें धरण बळकट करण्यांत आलें. दख्खनचें पठार अचल आहे, ही समजूत त्या रेघेनें पुसली.

जिन्यांतील यंत्र बिघडलें तर काळोख होईल, एवढेंच. वर्षानुवर्षें वाट पाहत बसणाऱ्या दुसऱ्या यंत्राची निगा मात्र स्वस्थतेच्या काळांतच राखिली पाहिजे.