दळण, ओवी आणि घरघंटी

मागच्या दिवाळीत बोनस झाला आणि मी आईला घरघंटी घेऊन दिली. वीकांताला सांगलीला गेलो, स्वतः खोका उघडला, पाच किलो गहू दळून दाखवले, कुठली जाळी कशासाठी तेही समजावलं. "आता गिरणीत ताटकळायला नको," असं वर ऐकवलं. आई "छान आहे हो" म्हणाली.

संक्रांतीला परत गेलो तर घरघंटीवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी! आणि आई? डबा घेऊन गिरणीत! माझं डोकंच सटकलं. एवढे पैसे घातले ते फुलदाणी ठेवायला का, असं काहीबाही बोलून गेलो. आई एवढंच म्हणाली, "अरे, नंबर लागेपर्यंत जरा बसायला मिळतं रे." आणि कणीक मळायला घेतली.

ते वाक्य पुण्याला येईपर्यंत एस्टीत डोक्यात फिरत राहिलं. मग हे दळणाचं प्रकरण आहे तरी काय, ते गेले काही शनिवार-रविवार वाचत बसलो. (हापिसात सध्या रिलीज नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. :-) )

तर सुरुवात जात्यापासून. आमच्या आज्जीच्या तरुणपणापर्यंत खेड्यातल्या बाईचा दिवस पहाटे जात्यावरच सुरू व्हायचा. दिवसभराचं पीठ घर उठायच्या आत पडायला हवं. दगड जड, म्हणून बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसायच्या. जावा-जावा, नणंद-भावजय, नाहीतर शेजारणी. एकाच खुंट्याला दोघींचे हात, एकीने मधूनमधून वैरण घालायची. आणि तोंडाने ओवी. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण काही उगाच नाही.

या ओव्यांचं प्रचंड मोठं काम पुण्यात झालंय, हे मला माहीतच नव्हतं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतव्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या. किती, तर एक लाखाहून जास्त, आणि हजाराहून जास्त गावांतून! १९९०च्या दशकाच्या मध्यावर बर्नार्ड बेल नावाचा संगणक अभियंता त्यांना येऊन मिळाला आणि त्याने या ओव्यांचा डेटाबेस बांधला. विषयवार वर्गवारी, प्रत्येक विषयाला कोड. (आपण पगारासाठी कसले कसले डेटाबेस बांधतो, ते आठवून अंमळ लाज वाटली.) २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा ठेवा नेटवर आणतंय, आवाजासकट. जरूर ऐका.

ऐकताना जाणवतं की या बायका दळणाबद्दल फारसं गातच नाहीत. गातात माहेराबद्दल, आईबद्दल, भावाबद्दल, विठ्ठलाबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल. सासरी तोंड उघडायची सोय नव्हती, तिथे हेच गाऱ्हाणं ओवीत चालून जायचं. घर झोपलेलं, जात्याची घरघर, आणि समोर ऐकणारी एक जीवाभावाची. मला वाटतं, तेवढा तासच काय तो त्यांचा स्वतःचा. वरून पाहिलं तर काम चालू आहे. आत वेगळीच प्रोसेस चालू आहे!

आता यात रम्य वगैरे काही नाही. आज्जीला विचारलं तर ती पहिल्यांदा खांदा दाखवायची. गिरणी आली, आधी तेलाच्या इंजिनावरची, मग विजेवरची, तेव्हा बायकांनी जातं कोपऱ्यात सरकवलं आणि अगदी बरोबर केलं. फक्त कष्टाबरोबर ती सोबतही सुटली.

दुसरी युक्ती देवाधर्माची. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजायची आणि रात्र जागवायची. जागरण देवीचं, पण धमाल झिम्मा-फुगडीची! तीच गोष्ट संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाची. 'मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते' म्हटलं असतं तर सासूबाईंच्या कपाळाला आठी. 'हळदीकुंकवाला जाते' म्हटलं की कोण अडवणार?

हे आवरण नसलं की काय होतं, ते रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवलंय. खुद्द न्यायमूर्ती रानडे पत्नीला शिकवत होते, बायकांच्या सभेला पाठवत होते. तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी रमाबाईंना किती छळलं, ते १९१० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींत वाचावं. देवीसमोर रात्रभर नाचलं तर पुण्य, दुपारी पुस्तक घेऊन बसलं तर पाप! पण छळणाऱ्या त्या बायकांना तरी आयुष्यात स्वतःची अशी दुपार कधी कुणी दिली होती?

आणि हळदीकुंकवाला एक अट होती. सवाष्ण असण्याची. म्हणजे जिला सोबतीची सगळ्यात जास्त गरज, तीच दाराबाहेर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो थेट २०२२ साली. यावरून काय ते समजा.

असो. तर हे सगळं डोक्यात घेऊन गेल्या शनिवारी पुन्हा घरी गेलो. "डबा मी घेतो," म्हणून आईबरोबर निघालो. गिरणीच्या बाहेर लाकडी बाकडं. त्यावर चौघीजणी आधीच बसलेल्या, पायाशी डबे, साडीच्या काठावर पीठ. काहीतरी जोरात हसणं चाललं होतं. त्यातल्या एक काकू पलीकडच्या गल्लीतल्या. काका गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. गिरणीत यायला मात्र बोलावणं लागत नाही. नंबर सगळ्यांनाच लावावा लागतो! त्यांनीच सरकून आईला जागा करून दिली.

मीही टेकलो. आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. "काय रे, कधी आलास? लग्नाचं काय म्हणतोस?" एवढं विचारून झालं, मग पट्ट्याचा आवाज तेवढा राहिला. आई माझ्याकडे बघत होती.

दोन मिनिटं लागली मला, पण समजलं. डबा रांगेत ठेवला, "नंतर न्यायला येतो" म्हटलं आणि उठलो. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागून पुन्हा हसू ऐकू आलं.

घरघंटीवर आता आई उपासाची भाजणी दळते म्हणे. गहू-ज्वारी मात्र गिरणीतच. आणि फुलदाणी आहे तिथेच आहे. छान दिसते.