डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण हार्डडिस्कवर साठवणारे यंत्र, व्यवहारात डीव्हीआर. त्याला साधारणपणे ४, ८, १६ किंवा ३२ कॅमेरे जोडता येतात. पूर्वी हे काम व्हिडिओ कॅसेटवर चाले.

कॅमेऱ्याचा अ‍ॅनालॉग संकेत कोअ‍ॅक्शियल केबलमधून डीव्हीआरपर्यंत येतो. तिथे त्याचे अंकांत रूपांतर होते आणि एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने आकारमान घटवले जाते. प्रत्येक चौकट पूर्ण साठवली, तर डिस्क पाहता पाहता भरेल. म्हणून ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट ठेवतात आणि मधल्या चौकटींचा केवळ बदललेला भाग नोंदवतात. रिकाम्या जिन्यापेक्षा गजबजलेला नाका जास्त जागा खातो तो यामुळेच. आयपी कॅमेरे हे काम स्वतःच उरकतात. त्यांच्यासाठी एनव्हीआर हे वेगळे यंत्र वापरतात.

सेकंदाला २ मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रण सुमारे २१.६ गिगाबाइट होते. चार कॅमेरे अखंड चालू असले, तर १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. पुढे सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहिले जाते, आणि तसे ते पुसले गेल्याची सूचना सहसा कोणालाच मिळत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यांच्या संख्येइतकाच डिस्कचा हिशेब महत्त्वाचा; खरेदीच्या वेळी नेमका तोच राहून जातो. चोरी लक्षात येताच फुटेज उतरवून घ्यावे. पोलीस ठाण्यांतील चित्रण १८ महिने, आणि तशी सोय उपलब्ध नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावले.

यंत्राचे घड्याळही तपासत राहावे लागते. ते मागेपुढे झाले की चित्रावर उमटणारी वेळ चुकते आणि पुराव्याला उलटतपासणीत धक्का बसतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद वेळेचाच होता: उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नंतर? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण त्यात पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा चित्रणाची प्रत सादर करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मालकाने मूळ यंत्र न्यायालयात आणून साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात डीव्हीआरचा स्वतंत्र उल्लेख असून, फाइलचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते.