दोन वेताळ आणि टाळेबंदीतला माळा

इंद्रजाल कॉमिक्सचे १२३ आणि १२४ हे क्रमांक कोणत्याही संग्रहात सापडत नाहीत. ते हरवलेले नाहीत. संपामुळे ते निघालेच नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत माळ्यावरची ट्रंक उतरवून अंक क्रमाने लावायला बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर ही उणीव तो घरातल्याच कुणाच्या तरी माथी मारणार.

आजच्या धाग्यात त्या ट्रंकेची गोष्ट.

शिरपूर हे अरुणावतीकाठचे, मुंबई–आग्रा महामार्गावरचे गाव. गावाला रेल्वे नाही. भुसावळ किंवा चाळीसगावच्या मुलाला फलाटावरच्या स्टॉलवर नवा अंक दिसे. शिरपुरात तो यायचा तर रस्त्यानेच. अशा गावातला संग्रह अखंड असणे अवघडच. प्रवासात घेतलेला एक, मामाच्या गावाहून आणलेले दोन, मित्राकडून घेऊन परत न केलेले चार, अशीच त्याची घडण असते.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगसाठी केलेला हा कायदा. मात्र दोन साथींत घराची स्थिती नेमकी उलटी होती. प्लेगात माणसे घर सोडून शिवारातल्या झोपड्यांत राहायला जात, आणि रिकाम्या घरांतले सामान धुरी देऊन शुद्ध केले जाई वा जाळले जाई. २५ मार्च २०२० पासून माणसे घरातच कोंडली गेली. प्लेगाने घरातला कागद गिळला. या साथीने तो माळ्यावरून खाली आणला.

ज्यांना घर गाठायचे होते, त्यांचे चित्र वेगळे होते. एप्रिल-मेमध्ये याच महामार्गाने श्रमिक पायी, सायकलवर, मिळेल त्या ट्रकने उत्तरेकडे निघाले होते. राज्याच्या सीमेपलीकडे सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात हजारोंची गर्दी झाली. ट्रंक उघडून बसण्याची सवड हीसुद्धा त्या उन्हाळ्यात सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती, हे नोंदवलेच पाहिजे.

तेव्हा कागदाचीही भीती होती. विषाणू पुठ्ठ्यावर २४ तास आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकू शकतो, असा प्रयोगशाळेतला निष्कर्ष मार्चमध्ये प्रसिद्ध झाला होता. एप्रिलमध्ये राज्य सरकारने वर्तमानपत्रे घरोघरी टाकण्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच ते मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर सैल करावे लागले. दाराशी येणारा कागद संशयित ठरला होता. वीस वर्षे ट्रंकेत पडून असलेल्याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

अमेरिकेतही नवा अंक मिळेनासा झाला. तिथल्या कॉमिक्स दुकानांना माल पुरवणाऱ्या डायमंड या मोठ्या वितरक कंपनीने एप्रिलच्या आरंभापासून नवे अंक पाठवणे थांबवले. पुरवठा पुन्हा सुरू झाला तो २० मे रोजी. जुने अंक लावत बसणे हा त्या काळात जगभरच्या संग्राहकांचा उद्योग झाला, यात नवल नाही.

आता ट्रंकेकडे. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि ते १९९० पर्यंत चालले. सारे मिळून ८०३ अंक निघाले. क्रमांक आधी सलग होते, पुढे १९८० च्या दशकात खंड आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळे एकाच गठ्ठ्यात दोन हिशेब चालतात. क्रमांक मुखपृष्ठावर, आणि फाटते ते आधी मुखपृष्ठच. मग चित्रांवरून ओळखावे म्हटले, तर तीही फसवतात. विल्सन मॅककॉयच्या साध्या रेषा आणि साय बॅरीची छायाप्रकाशाची चित्रे सहज वेगळी ओळखू येतात. पण त्यातून कळते ते मूळ अमेरिकी चित्रपट्टीचे वय. मॅककॉय वारला १९६१ मध्ये, म्हणजे पहिला भारतीय अंक निघण्याच्या तीन वर्षे आधी.

नावांचा घोळ तर खास मराठी. ली फॉकचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. पण त्याच ट्रंकेत १९५२ पासून मराठीत निघणारा ‘चांदोबा’ही असतो, आणि त्यात विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ! गावकुसाबाहेरचा शेंदूर फासलेला वेताळ तिसरा. ‘वेताळाचे अंक बाजूला काढ’ असे सांगितले, तर मुलाने काढायचे तरी कोणते?

बहादूरचे अंक शिरपूरकराने जरूर वेगळे ठेवावेत. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये घडवलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा नायक चंबळच्या डाकूंशी लढतो. आणि शिरपूरच्या अंगावरून जाणारा आग्रा रस्ता पुढे चंबळ ओलांडूनच आग्र्याला पोहोचतो.

अमर चित्रकथेचा पेच निराळा. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली आलेल्या या मालिकेत ‘कृष्ण’ हा अंक अकरावा आहे, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांनी अडवले होते. पुढच्या आवृत्त्यांना ५०१ पासून नवे क्रमांक मिळाले. म्हणजे ११ आणि ५०१ ही एकच गोष्ट. या घराण्याचे डिजिटल अंक मार्च २०२० मध्ये काही काळ मोफत खुले झाले. बालभारतीच्या ‘किशोर’चेही १९७१ पासूनचे जुने अंक महाजालावर आहेत. ज्याला प्रकाशकाचा आधार आहे ते टिकते. मराठी इंद्रजालला मात्र तो १९९० नंतर उरला नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती द्याव्या लागतात. परंतु शिरपूरच्या वाचकासाठी कोलकाता फार दूर आहे. खानदेशात जुना कागद जपणारी माणसे नव्हती असे नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने आणि समर्थ वाग्देवता मंदिराने दप्तरे आणि बाडे सांभाळली. वेताळाच्या अंकाला त्या पंक्तीत बसवावे, असे मात्र सहसा कुणाला वाटले नाही.

अंकांचे शत्रू तीन: कसर, गंजलेल्या पिना आणि स्वस्त कागद. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो कागद पिवळा पडून कडेने तुटू लागतो. पिना अलगद काढून अंक सुती दोऱ्याने शिवणे हा साधा उपाय. सेलोटेप लावणे हा सर्वांत वाईट, आणि घरोघरी केला जातो तो हाच.

२९ सप्टेंबर २०२० रोजी विक्रम-वेताळाचे ते चित्र काढणारे ‘चांदोबा’चे चित्रकार के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर चेन्नईत निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. १५ ऑक्टोबरपासून राज्यातल्या ग्रंथालयांना दारे उघडण्याची मुभा मिळाली. लक्ष्मीपूजन होते १४ नोव्हेंबरला. त्याआधी घरोघरी दिवाळीची साफसफाई, आणि ट्रंकेतले गठ्ठे परत माळ्यावर चढवायचे की रद्दीच्या काट्यावर ठेवायचे, याचा निकाल त्याच महिन्याभरात लागला.