नगरचा कापडबाजार : गल्ल्यांच्या नावांत दडलेला इतिहास (थ्रेड)

१/
भुईकोट किल्ला, ‘चांदबीबी महाल’ (जो मुळात दुसऱ्या सलाबतखानाचा मकबरा आहे, चांदबीबीचा त्याच्याशी काही संबंध नाही) आणि रणगाडा संग्रहालय पाहून झाले, की नगरला आलेल्या पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : खरेदी कुठे करायची? उत्तरही ठरलेलेच. कापडबाजार! या थ्रेडमध्ये त्या बाजाराचा इतिहास पाहू.

२/
जुन्या नगरात फिरताना आधी पाट्या वाचाव्यात. दाळमंडई, आडते बाजार, गंज बाजार, सराफ बाजार, तेलीखुंट, मोची गल्ली, घासगल्ली. शहराचा नकाशा म्हणजे जणू धंद्यांची वहीच. ‘गंज’ हा फारसी शब्द धान्याच्या पेठेसाठी रूढ झाला. ‘आडत्या’ म्हणजे दुसऱ्याचा माल अडत घेऊन विकून देणारा. घोडे आणि बैल हेच वाहन असलेल्या शहरात घासगल्लीचे महत्त्व आजच्या पेट्रोलपंपाहून कमी नसणार. यांपैकी काही ठिकाणी तो माल आजही मिळतो, काही ठिकाणी उरले आहे ते केवळ नाव.

३/
१४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी, नवे शहर वसवले. निजामशाहीच्या आश्रयाला राहिलेला इतिहासकार फरिश्ता या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी करतो. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती आपण वजा करू. तरीही राजधानी म्हटली की सैन्य, सरदार, जनानखाना आला आणि या सगळ्यांना वस्त्र लागते. चौलसारखे बंदर निजामशाहीच्या हाती असल्याने समुद्रमार्गे येणारा मालही घाट चढून इथवर पोहोचत असे.

४/
पण बाजार केवळ आयातीवर उभा राहत नाही. शहर वसल्यानंतर लवकरच एका धनिकाने भिंगारला विणकर आणून बसविले, अशी परंपरा ब्रिटिशकालीन गॅझेटियरने नोंदविली आहे. साळी, कोष्टी, मोमीन, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली अशा अनेक समाजांचे माग या परिसरात चालत. विणले जाई ते मुख्यतः लुगडे. राजधानी गेली, मोगल आले, १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, १८०३ मध्ये वेलस्लीने तो जिंकला. राज्ये बदलली तरी लुगड्याची मागणी थांबली नाही. तख्तांच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सुटून जाते.

५/
आता या कथेची दुसरी बाजू. नगरच्या पेठेत गावाकडून येणाऱ्या कुणब्याच्या हाती रोकड क्वचितच असे. सुगीवर फेडायच्या बोलीने धान्य, बी-बियाणे, कापड उचलायचे आणि सावकाराच्या खतावर अंगठा उठवायचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, पत वाढली, कर्जेही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यात सरकारी साऱ्याची वाढ आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो लगेच नगर जिल्ह्यात पसरला.

६/
त्या दंग्यांत लोकांचा रोख कशावर होता? मुख्यतः कागदावर. ठिकठिकाणी जमावाने सावकारांकडून खते, रोखे, दस्तऐवज मागून घेतले आणि जाळले. ज्याला वाचता येत नाही, त्याला आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कोणती हे मात्र अचूक ठाऊक होते.

७/
येथे एक समज दूर करायला हवा. ‘शेतकरी लग्नात उधळतो, म्हणून बुडतो’ हे वाक्य तेव्हाही सर्रास ऐकू येई. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हा मुद्दा तपासला आणि लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे मत नोंदविले. लहान लहान रकमा, त्यांवरील चढते व्याज आणि साऱ्याचा हप्ता यांनी मिळून कर्जाचा डोंगर होत असे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार दिला.

८/
दंग्यांपाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांचे हात राबले होते. त्याआधी निजामाच्या मुलखातून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या मालाच्या गाड्या नगरच्या वेशीत मुक्काम करीत. आगगाडी आल्यावर मालाला थांबण्याचे कारण उरले नाही. उलट दिशेने मात्र मुंबईच्या गिरण्यांचे स्वस्त कापड सरळ कापडबाजारात उतरू लागले.

९/
विणकर लगेच संपला, असे नाही. १८३१ पासून नगरमध्ये असलेल्या अमेरिकन मराठी मिशनमधील डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अधिक वेगाने चालणारा हातमाग तयार केला. ‘चर्चिल माग’ नगरबाहेरही गाजला. माझ्या मते मात्र खरी अडचण वेगाची नव्हती. सूत व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचे आणि तयार लुगडे त्यालाच द्यायचे, अशा व्यवस्थेत धोटा कितीही वेगाने धावला तरी किंमत ठरविणारा हात दुसऱ्याचाच राहतो. कुणब्याचे खत आणि विणकराचे सूत ही एकाच दोरीची दोन टोके होती. पुढे माग थंडावले आणि नगरमधील कित्येक पद्मशाली घरांत स्त्रियांच्या हाती विड्या वळण्याचे सूप आले.

१०/
२०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले. जिल्ह्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर आणून वसविले आणि माहेश्वरी साडी नावारूपाला आणली, हे सर्वांना ठाऊक आहे. नगरच्या लुगड्याला असा आश्रयदाता मिळाला नाही. कापडबाजारात आज माहेश्वरी मिळेल, पैठणी मिळेल. ‘नगरचे लुगडे दाखवा’ म्हटल्यास दुकानदार बुचकळ्यात पडेल.

११/
तरीही बाजार जिवंत आहे, आणि त्याला जगवतो तो पर्यटक नव्हे. लग्नसराईत पाथर्डी, शेवगाव, जामखेड, शेजारच्या आष्टीपासून कुटुंबेच्या कुटुंबे ‘बस्ता’ बांधायला येथे येतात. दुकानातील पांढऱ्या गादीवर नवरीकडची मंडळी एका बाजूला, नवरदेवाकडची दुसऱ्या बाजूला, मध्ये साड्यांची रास आणि आहेराच्या यादीवरून चाललेली घासाघीस. हे दृश्य पाहायचे असेल तर लग्नाच्या तिथी जवळ आल्या असताना सकाळी लवकर जावे. गाडी मात्र बाहेर लावा, या गल्ल्या घोड्यांच्या काळातल्या आहेत.